महागडा टेनर सॅक्स: पैसे नेमके कशाचे?

टेनर सॅक्सोफोन घ्यायला गेलेला माणूस पहिली फुंक मारतो ती हमखास जोरात आणि मधल्या सप्तकात. फसतो तो तिथेच. मधला जी किंवा ए भरपूर हवा देऊन वाजवला की बहुतेक टेनर भारदस्त वाटतात, अगदी साधेसुद्धा. परीक्षा घ्यायची तर खालच्या बी-फ्लॅटची घ्यावी. सगळ्या चाव्या बंद, जिभेचा धक्का नाही, ओठ सैल आणि जेमतेम श्वास. वाद्य चांगलं असेल तर हा खर्जातला सूर न अडखळता उमटतो आणि लावून धरला तर तसाच राहतो. कुठे खोट असेल तर आधी नुसती हवा फुसफुसते, मग एकदम वरच्या सप्तकातला बी-फ्लॅट उडी मारून येतो, आणि जोर लावला की सूर बोटीच्या इंजिनासारखा गुरगुरतो.

महागड्या टेनरचे पैसे आपण आवाजासाठी देतो, असा सर्वसाधारण समज आहे. मला तो पटत नाही. आवाजाचा पोत मुख्यतः वाजवणाऱ्याचा घसा, जिभेची ठेवण, तोंडात धरायचा माउथपीस आणि त्यावरची रीड, म्हणजे कंप पावणारी वेताची पट्टी, यांतून येतो. त्यानंतर नेकचा, म्हणजे माउथपीस ज्यावर चढतो त्या वरच्या वळलेल्या सुट्या तुकड्याचा नंबर, आणि मग उरलेल्या नळीचा. महाग वाद्य देतं ते सारखेपण. एकेका सुराला सांभाळून घ्यावं लागत नाही, आणि बरीच वर्षं वाजवूनही चाव्या जिथल्या तिथे बसतात. हे दोन्ही गुण दुकानातल्या पहिल्या पाच मिनिटांत दिसत नाहीत, म्हणून लोक बेलवरची, म्हणजे नळीच्या रुंद तोंडावरची नक्षी आणि लॅकरचा, म्हणजे पत्र्यावरच्या लेपाचा रंग न्याहाळत बसतात.

पुढे स्वरांची नावं सॅक्सच्या लिखित नावांनी घेतली आहेत. टेनर हे बी-फ्लॅटचं वाद्य, म्हणजे लिहिलेल्यापेक्षा एक सप्तक आणि एक पूर्ण स्वर खाली ऐकू येतं. खालचा बी-फ्लॅट म्हणजे पियानोवरचा ए-फ्लॅट, सुमारे 104 हर्ट्झ. सगळ्यात वरच्या चावीचा एफ-शार्प म्हणजे पियानोवरचा ई, 659 हर्ट्झ.

अडॉल्फ साक्स यांनी 1846 साली पॅरिसमध्ये सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं. त्यातली मूळ कल्पना शंकूच्या आकाराच्या नळीची, आणि ती आजही तशीच आहे. क्लॅरिनेटची नळी जवळजवळ सगळीकडे सारख्याच रुंदीची असते, त्यामुळे तिथे वरच्या सप्तकाची चावी दाबली की सूर एक सप्तक आणि वर पंचम इतका चढतो. सॅक्सची नळी निमुळती, म्हणून तिथे सूर बरोबर एक सप्तक चढतो. या ‘बरोबर’साठीच सगळा खर्च आहे. शंकूचा उतार नेकच्या टोकापासून बेलपर्यंत कुठे किंचित जरी बदलला, तरी एखाद्या सुराचं खालचं आणि वरचं रूप एकमेकांशी जुळत नाही. कागदावर सरळ शंकू काढणं सोपं, पण प्रत्यक्षात नळी दोनदा वळते, तिला जागोजागी छिद्रं पाडलेली असतात आणि प्रत्येक बंद छिद्राखाली थोडीशी जास्तीची पोकळी राहते. चांगले कारखाने हा उतार ठिकठिकाणी मुद्दाम थोडा बदलून हे दोष एकमेकांत जिरवतात. त्यांचं खरं गुपित असेल तर ते हेच.

शंकू पूर्ण टोकापर्यंत जात नाही. टेनरच्या नेकचं तोंड साधारण साडेबारा मिलिमीटरचं असतं, तिथेच शंकू कापलेला असतो. कापलेल्या टोकात जितकी हवा मावली असती तितकी जागा माउथपीसने भरून द्यायची असते. माउथपीस नेकच्या टोकावरच्या कॉर्कवर आत-बाहेर सरकवताना आपण ही जागाच कमी-जास्त करत असतो, आणि तिचा परिणाम सगळ्या सुरांवर सारखा होत नाही. ज्या सुरांना नळी आखूड लागते, म्हणजे डाव्या तळव्याने दाबायच्या पाम चाव्यांचे सूर किंवा उघडा सी-शार्प, ते जास्त हलतात. खर्जातले सूर कमी हलतात. माउथपीस जास्त आत गेला तर पाम चाव्यांवरचा ई आणि एफ चढून कानाला टोचतात. जास्त बाहेर आला तर ते उतरतात आणि खर्जात गुरगुर सुरू होऊ शकते.

म्हणून नवीन वाद्य तपासताना आपला सवयीचा माउथपीस आणि नीट वाजणारी रीड बरोबर न्यावी, आणि आधी नुसता माउथपीस हातात धरून फुंकून बघावा. नेहमीच्या ओठांनी, नेहमीच्या जोराने टेनरचा माउथपीस पियानोवरच्या जीच्या आसपास लागायला हवा. तो त्याहून खूप वर लागत असेल तर ओठ जास्त आवळलेले आहेत. मग वरच्या सप्तकात सगळंच चढं वाजणार, आणि दोष वाद्याला दिला जाणार. त्यानंतर माउथपीस कॉर्कवर चढवून मधला बी, खालचा बी आणि वरचा बी एकामागून एक वाजवावेत. तीनही एकमेकांशी जुळतील ती माउथपीसची जागा. ट्यूनरकडे, म्हणजे सूर मोजणाऱ्या यंत्राकडे बघत वाजवू नये. आधी डोळे मिटून सूर स्थिर करावा, मग काटा बघावा. काटा समोर असला की ओठ नकळत त्याच्या मागे जातात.

माउथपीसचं टोक आणि रीड यांच्यातली फट पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतासाठी 2 मिलिमीटरच्या आसपास, तर जॅझसाठी बहुधा अडीच ते पावणेतीन मिलिमीटर ठेवतात. फट मोठी असेल तर रीड मऊ लागते, लहान असेल तर कडक चालते. मोठ्या फटीवर कडक रीड लावून वाद्य ‘बंद बंद वाजतं’ म्हणणारे बरेच भेटतात. आतली पोकळी मोठी आणि छताचा उतार सौम्य असेल तर आवाज गडद, छत उंच आणि पोकळी लहान असेल तर आवाज धारदार. लहान पोकळीचा धारदार माउथपीस 1930-40 च्या काळातल्या अमेरिकी टेनरवर लावला तर सूर जुळवायला तो इतका बाहेर ओढावा लागतो की कॉर्कवर जेमतेम टिकतो. ते टेनर मोठ्या पोकळीच्या माउथपीसांचा विचार करून बनवलेले असतात.

आता नेक. सगळ्या वाद्यात सर्वांत नाजूक आणि सर्वांत परिणामकारक तुकडा हाच. इथे नळी सगळ्यात अरुंद असते, त्यामुळे अगदी थोडासा फरकही टक्केवारीत मोठा ठरतो. बेलवर अंगठ्याएवढा पोचा पडला तरी बहुतेकदा सुरात काही फरक पडत नाही. तोच पोचा नेकवर पडला तर दोन-तीन सूर बिघडतात. नेक बदलल्यावर वाद्यच बदलल्यासारखं वाटतं, त्याचंही कारण हेच. नेक चांदीची आहे की सोनेरी मुलाम्याची, याहून तिच्या आतल्या उताराने जास्त फरक पडतो. वेगवेगळ्या नेक विकणारे मात्र धातूचंच नाव पुढे करतात.

वापरलेला टेनर घेताना नेक आडवी धरून उजेडात निरखावी. नेकच्या वळणावर वरची बाजू थोडी चपटी दिसते का? खालच्या बाजूला पत्र्यावर बारीक सुरकुत्या आहेत का? असतील तर नेक खाली वाकलेली आहे. हे होतं ते वाद्य जोडलेलं असताना कोरड्या कॉर्कवर माउथपीस जबरदस्तीने दाबल्यामुळे. सगळा जोर वळणावर येतो आणि गोल नळी अंडाकृती होते. कारागीर ती पुन्हा वर आणू शकतो, पण सुरकुतलेला पत्रा पूर्ववत होत नाही. माउथपीस नेहमी नेक हातात घेऊन, कॉर्कजवळ धरून, ग्रीस लावून चढवावा.

नेकचं खालचं टोक ज्या कड्यात बसतं तिथली फट फार जणांच्या लक्षात येत नाही. स्क्रू सैल ठेवून नेक घालावी. ती हलका विरोध करत फिरायला हवी, इकडेतिकडे डुलता कामा नये. डुलत असेल तर स्क्रू करकचून आवळणं हा उपाय नव्हे, त्याने कडं वाकतं. नेकचं टोक आतून हत्याराने किंचित फुगवून घेतलं की काम होतं, आणि तेही पाव तासाच्या आत. या जागेवरची गळती वाद्याच्या अगदी वरच्या टोकाला असते, म्हणून तिच्या खालचा प्रत्येक सूर कमकुवत होतो. खर्ज लागत नाही म्हणून सगळे पॅड, म्हणजे छिद्रांवर बसणाऱ्या झाकणांतल्या गाद्या, बदलून घेतले आणि दोष नेकच्या सांध्यात निघाला, असं पुष्कळदा घडतं.

नळी पितळेच्या पत्र्याची. पत्रा गुंडाळून शिवण जोडतात, मग पोलादी साच्यावर ओढून उतार देतात. छिद्रांच्या कडा दोन प्रकारे बनतात. आज बहुतेक ठिकाणी लहान भोक पाडून आतून गोळा ओढतात, त्यामुळे नळीच्याच पत्र्याची कड वर येते. दुसरा प्रकार म्हणजे वेगळं कडं बनवून डाख देऊन जोडणं. अमेरिकेच्या कॉन कंपनीने आपल्या जुन्या टेनरांवर ओढलेली कड बाहेरून गोल वळवली होती. जर्मनीच्या कायलवर्थने आपल्या एसएक्स-90-आर मालिकेत कडेवर वेगळी गोल कडी बसवली. गोल कडेवर पॅडचं कातडं कमी चिरतं, हे खरं. पण अशी कड एकदा वाकली की सपाट करणं कारागिराला डोकेदुखी. घासून सपाट करायला तिथे धातूच पुरेसा नसतो.

कड कशी बनवली याहून ती सपाट आहे का, हा प्रश्न मोठा. छिद्राची कड एका पातळीत नसेल तर पॅड कितीही भारी असला तरी एका बाजूने गळणारच. कारागीर मऊ पॅड दाबून, त्यावर कडेचा खोल ठसा उमटवून तात्पुरतं भागवतात. मग हवामान बदललं की तो ठसा सरकतो आणि सहा महिन्यांत वाद्य पुन्हा दुकानात. नामांकित कारखान्यांच्या नव्या वाद्यांतही अधूनमधून अशी वाकडी कड सापडते, म्हणून किमतीवर विसंबू नये. सपाट पोलादी पट्टी कडेवर ठेवून आतून दिवा लावला की फट लगेच दिसते.

धातूबद्दल भांडणं फार होतात. पिवळं पितळ, तांबं जास्त असलेलं कांस्य, चांदी, लॅकर असलेलं, लॅकर नसलेलं. जॉन कोल्टमन या भौतिकशास्त्रज्ञाने 1971 मध्ये एकसारख्या आकाराच्या पण वेगळ्या पदार्थांच्या बासऱ्यांवर प्रयोग केला, तेव्हा ऐकणाऱ्यांना आणि वाजवणाऱ्यांना त्या ओळखता आल्या नाहीत. सॅक्स म्हणजे बासरी नव्हे, पण सूर हवेच्या स्तंभाचा असतो, पत्र्याचा नसतो, हे दोन्हीकडे सारखंच. जपानच्या यानागिसावाचे डब्ल्यूओ-1 पितळेचे आणि डब्ल्यूओ-2 कांस्याचे असतात. दोघांत फरक जाणवतो असं म्हणणारे खोटं बोलत नाहीत. वाजवणाऱ्याच्या हाताला आणि जबड्याला जाणवणारं कंपन वेगळं असू शकतं, आणि वजनही. पण एकाच मॉडेलचे दोन पितळी नमुने शेजारी ठेवले तर त्यांच्यातही इतका फरक सापडतो. लॅकर काढून टाकल्याने आवाज ‘मोकळा’ होतो यावर माझा विश्वास नाही. उलट जुन्या वाद्याचं लॅकर काढताना बफिंग मशीनवर धातू झिजतो, आणि छिद्रांच्या कडा पातळ होतात. नुकसान झालंच तर ते त्याने होतं.

आता टेनरच्या खऱ्या कसोटीकडे येतो. मधला सी-शार्प वाजवताना एकही बोट दाबलेलं नसतं, सगळी नळी उघडी. लगेच पुढचा डी वाजवायला सहा बोटं आणि सप्तक चावी. एका अर्ध्या स्वराच्या अंतरात नळी बरीच आखूड असलेली जवळजवळ सगळ्यात लांब होते. साध्या वाद्यात हा सांधा लपत नाही: सी-शार्प पातळ आणि उतरलेला, डी जाड आणि चढा. चांगल्या टेनरमध्ये हे दोन सूर एकाच माणसाचे वाटतात. सी, सी-शार्प, डी, ई असे चार सूर हळू, एका श्वासात, आवाज कमी-जास्त न करता पाच-सहा वेळा वाजवले की वाद्याची लायकी कळते. माझ्यापुढे दोन टेनर ठेवून एकच चाचणी करू दिली, तर मी हीच करेन.

डी चढा का असतो, त्याचंही कारण आहे. वरच्या सप्तकासाठी प्रत्येक सुराला आपल्या जागेवर स्वतंत्र बारीक छिद्र हवं. सॅक्समध्ये अशी छिद्रं दोनच. डीपासून जी-शार्पपर्यंतच्या सुरांना नळीवरचं, आणि एपासून वरच्यांना नेकवरचं. साहजिकच काही सुरांना छिद्र जवळ पडतं, काहींना लांब. जागा चुकली की सूर चढतो, आणि सगळ्यात जास्त फटका डीला बसतो. उत्तम टेनरवरही तो थोडा चढा राहतोच, फक्त ओठ जरा सैल सोडले की जागेवर येतो. लांब धरायचा डी असेल तर जोडीला खालच्या बीची चावी दाबावी, सूर उतरतो. मधला उघडा सी-शार्प पातळ पडत असेल तर सप्तक चावी आणि डाव्या हाताचं तिसरं बोट, एवढ्यावर तो भरीव लागतो. वेगाच्या तानांत हे जमत नाही, लांब सुरांवर जमतं.

ही दोन छिद्रं आपोआप बदलतात ती डाव्या तिसऱ्या बोटाच्या, म्हणजे जीच्या चावीमुळे. तपासायला अंगठा सप्तक चावीवर दाबून ठेवावा आणि तिसरं बोट झपाझप उचलावं, दाबावं. जी दाबलेला असताना नेकवरची झडप अजिबात हलता कामा नये. ती किंचित उसळत असेल तर जी वाजवताना वरचा सूर मध्येच फुटतो. दोष बहुधा नेकवरच्या गोल कडीचा असतो. नेक पेटीत कशीही टाकली की ती वाकते. हाताने वाकवून दुरुस्त करता येते, पण कुठे धरून वाकवायची हे माहीत असेल तरच. नाहीतर झडपच वाकडी होते आणि मग तिथून हवा गळते. नेकच्या छिद्रात पाणी साचलं तर वरच्या एवर फस्स असा आवाज येतो. तो वाद्याचा दोष नाही, छिद्रातून बारीक दोरा फिरवला की जातो.

चाव्यांच्या रचनेत आजचे बहुतेक टेनर फ्रान्सच्या सेल्मर कंपनीच्या वाटेने गेलेले आहेत. 1936 च्या बॅलन्स्ड अ‍ॅक्शनमध्ये बेलवरच्या चाव्या उजव्या बाजूला आल्या. 1948 च्या सुपर बॅलन्स्ड अ‍ॅक्शनमध्ये डाव्या आणि उजव्या हाताची छिद्रं एका सरळ रेषेत न ठेवता थोडी फिरवली गेली, त्यामुळे दोन्ही मनगटं नैसर्गिक बसतात. 1954 पासूनच्या मार्क सिक्सने हे सगळं पक्कं केलं. मार्क सिक्सची कीर्ती खोटी नाही, पण ती सुमारे वीस वर्षं बनत होती आणि त्या काळात तिच्यात बदल होत गेले. हाताने केलेलं काम असल्याने नमुन्यागणिक फरक आहेच. ‘मार्क सिक्स आहे’ एवढ्यावर वाद्य घेणं म्हणजे आडनावावरून सोयरीक जुळवणं. क्रमांकाच्या आकड्यांवरून गुण ठरवणाऱ्यांचा एक पंथच आहे, त्याच्या नादी लागू नये.

नव्यांत यामाहाचा 82-झेड जॅझवाल्यांसाठी आणि 875-ईएक्स शास्त्रीयवाल्यांसाठी, अशी ढोबळ विभागणी आहे. यामाहांची स्वरशुद्धता आणि चाव्यांचं काम भरवशाचं. कुणाला तो भरवसा कोरडा वाटतो, मला तो दोष वाटत नाही. यानागिसावाच्या चाव्यांची घडण माझ्या मते सगळ्यांत नेटकी. त्यांच्या वरच्या मालिकेत खालच्या मोठ्या झाकणांना दुहेरी बाहू आहेत, त्यामुळे एवढं मोठं झाकण एका बाजूने तिरकं होत नाही. कायलवर्थची नळी रुंद, आवाज मोठा, आणि फुंकही तितकीच मागते. सेल्मरचा रेफरन्स 54 मुद्दाम मार्क सिक्सच्या वळणाचा आहे. यांत श्रेष्ठ-कनिष्ठ लावण्यापेक्षा हातात बसतं कोणतं ते बघावं, विशेषतः डाव्या करंगळीचा तक्ता. जी-शार्प, सी-शार्प, बी, बी-फ्लॅट या चारही चाव्या एकाच करंगळीवर असतात, आणि बीवरून बी-फ्लॅटवर सरकताना बोट अडलं तर रोजचा वैताग आहे.

चाव्यांचा दांडा दोन खांबांच्या मध्ये फिरतो. चावी बंद न करता बोटाने दांड्याच्या दिशेने पुढेमागे हलवून पाहावी. खटखट वाजली तर सांधा झिजलेला आहे, आणि अशा चावीवरचा पॅड दर वेळी वेगळ्या जागी बसतो. महागड्या वाद्याचे सांधे घट्ट आणि नळ्या नीट आखलेल्या असतात, म्हणून ते बरीच वर्षं टिकतात. यातच ‘चाव्या हलक्या’ या अनुभवाचं मूळ आहे. हलकेपण नुसत्या स्प्रिंगा सैल करून आणता येत नाही. सैल स्प्रिंगेवर पॅड उघडायला उशीर होतो आणि वेगात वाजवताना बोटाखाली चावी मेल्यासारखी वाटते. सगळ्या चाव्यांचा ताण सारखा हवा, कमी हवा असं नाही.

एकमेकींना जोडलेल्या चाव्यांमधलं नियमन हा दुसरा मुद्दा. तीन ठिकाणं ठरलेली. खालचा डी धरून जी-शार्पची चावी दाबावी आणि सोडावी. सूर बदलता कामा नये. बदलला तर उजव्या हाताखालून जी-शार्पचं झाकण पूर्ण दाबलं जात नाही, आणि ते काम एका लहान स्क्रूचं आहे. दुसरं, डाव्या पहिल्या आणि उजव्या पहिल्या बोटाने बी-फ्लॅट वाजवावा. तो धूसर आला तर दुसरा स्क्रू. तिसरं म्हणजे एफ आणि एफ-शार्पची झाकणं एकदम बसतात का ते पाहावं. स्क्रू फिरवायचा तो पाव फेऱ्याहूनही कमी, आणि प्रत्येक वेळी पुन्हा वाजवून. जास्त आवळला तर जी-शार्प आधी बसतो, आणि उजव्या हाताचं मुख्य झाकण उघडंच राहतं. मग अख्खा खर्ज गेला. नव्या वाद्यातले कॉर्क आणि फेल्ट पहिल्या काही महिन्यांत दबतात, म्हणून कोरं महाग वाद्यसुद्धा सहा-आठ महिन्यांनी एकदा कारागिराकडे न्यावं लागतं.

पॅड म्हणजे पुठ्ठा, त्यावर लोकर, त्यावर पातळ कातडं आणि मध्ये प्लॅस्टिकची किंवा धातूची चकती. ते झाकणात लाखेने किंवा गरम गोंदाने चिकटवतात. धातूची मोठी चकती आवाज उजळ करते. नवा पॅड जाड पडला तर तो बिजागरीच्या बाजूने आधी टेकतो आणि समोरून गळतो, पातळ पडला तर उलट. तपासायला सिगारेटच्या कागदाची पाच मिलिमीटर रुंद पट्टी घ्यावी, झाकण बोटाच्या अगदी हलक्या दाबाने बंद करावं आणि पट्टी पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी ओढावी. चारही ठिकाणी सारखा विरोध हवा. अंधाऱ्या खोलीत नळीत दिव्यांची लांब काठी सोडली तर सगळ्या झाकणांभोवतालची फट एकदम दिसते. बोट जोरात दाबून तपासलं तर काहीही बंद दिसतं. ती स्वतःची फसवणूक.

जी-शार्प आणि खालचा सी-शार्प यांची झाकणं विश्रांतीतही बंद असतात, म्हणून ओल धरतात आणि चिकटतात. जी-शार्पची स्प्रिंग तर मुद्दाम कमजोर असते, तिला झाकण वर उचलायचं असतं, आणि चिकटलेलं झाकण तिला उचलवत नाही. कोरा कागद मध्ये घालून, झाकण हलकं टेकवून दोन-तीनदा काढावा. पावडर टाकू नये, ती कातड्यावर साचून पुढे आणखी चिकटते. वाजवून झालं की ही दोन झाकणं पुसून ठेवली तर त्रासच राहत नाही.

सगळं बरोबर असूनही खर्ज गुरगुरत असेल, तर आधी माउथपीस थोडा आत सरकवून बघावा, मग तळाच्या वळणाच्या आसपासची मोठी झाकणं दिव्यावर तपासावीत. वाद्य कधी बेलवर आपटलेलं असेल तर बेल आणि नळी यांना जोडणारा आधार सरकतो, नळी अगदी थोडी वाकते, आणि तळाकडची मोठी झाकणं एका बाजूने उघडी राहतात. पोचा दिसत नाही, म्हणून कारण सापडत नाही. काही टेनरांना एवढं करूनही गुरगुर राहते. त्यांच्या तळाच्या वळणात बुचाचा एक तुकडा टाकला की थांबते. जुगाड वाटतो, पण तिथली पोकळी थोडी कमी होते म्हणून तो चालतो.

तापमानाचा परिणाम दर अंशाला सुमारे 3 सेंट. थंड वाद्य दहा अंशांनी कोमट झालं की सूर 30 सेंट चढतो, म्हणजे अर्ध्या स्वराचा जवळजवळ तिसरा हिस्सा. थंड वाद्यावर ट्यूनर लावून दोन मॉडेलांची तुलना करणं निरर्थक. दोन्ही दहा मिनिटं वाजवून मगच.

टेनरचं वजन साडेतीन किलोच्या आसपास असतं. मानेवरचा पट्टा लहान ठेवून माउथपीस तोंडाशी यावा, तोंड माउथपीसकडे जाऊ नये. उजव्या अंगठ्याचा आकडा बहुतेक चांगल्या वाद्यांवर सरकवता येतो, आणि तो कुणी सरकवत नाही. तो अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे केला की उजव्या करंगळीला ई-फ्लॅट आणि सी या चाव्या सहज लागतात.

पेटीतून कोरं वाद्य काढताना चाव्यांखाली अडकवलेले कारखान्याचे बुचाचे तुकडे काढायचे राहून जातात, आणि वाद्य वाजत नाही म्हणून परत केलं जातं. ते नेमके मोठ्या झाकणांखाली असतात. आणि नेक काढल्यावर नळीच्या तोंडात बसवायचं काळं बूच निरुपयोगी नाही. नेककडे जाणारी सप्तक-यंत्रणेची काडी तिथेच बाहेर डोकावत असते. बूच नसेल तर पेटीच्या अस्तराला आपटून तीच पहिली वाकते.